अपघातात गमावलेले दात आणि आपले उत्तरदायित्व
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत प्रशासकाने जमाखर्चाचे आकडे वाचून दाखवावेत आणि आभार मानून खाली बसावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. यंदा ताळेबंद व लेखापरीक्षकांचा अहवाल आपणां सर्वांच्या हाती छापील स्वरूपात दिलेला असल्याने, तो वेळ मी अध्यक्ष महोदयांकडून एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषयपत्रिकेवरील अखेरचा ठराव अपघातात दात गमावलेल्या गरजू रुग्णांसाठी स्वतंत्र निधी उभारण्यासंबंधी आहे. तो ठराव कशातून आला, हे आपणांपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते. कारण त्यामागे माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आहे.

मी वैद्यक नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि माझे आयुष्य खतावण्या, देयके व निविदा यांत गेले. वैद्यकशास्त्राविषयी जे काही आज बोलणार आहे, ते आपल्या दंतविभागाच्या प्रमुखांनी मला धीराने समजावून दिलेले आहे. समजण्यात काही उणीव राहिली असेल तर ती माझी समजावी.

काही वर्षांपूर्वी एक बावीस वर्षांचा तरुण दुचाकीच्या अपघातानंतर आपल्याकडे दाखल झाला. औद्योगिक वसाहतीत तो रोजंदारीवर काम करीत असे. खालचा जबडा मोडला होता आणि वरचे पुढचे तीन दात, त्यांना धरून ठेवणाऱ्या हाडाच्या तुकड्यासह, निघून गेले होते. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून जीव वाचला. परंतु ते चेहरा उघडा ठेवणारे होते. मोडलेला जबडा आपल्या शल्यविशारदांनी उत्तम रीतीने जोडला आणि काही दिवसांनी नोंदवहीत 'बरा होऊन घरी' असा शेरा पडला. आमच्या लेखी प्रकरण मिटले.

दीड वर्षाने तोच तरुण तोंडावर हात धरून माझ्या कार्यालयाबाहेर बसलेला होता. दात बसवून मिळावेत म्हणून त्याने सवलतीचा अर्ज केला होता. त्या अर्जावर मी 'सौंदर्योपचार, तरतूद नाही' असा शेरा मारला आणि सही केली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. डायलिसिसचे, प्रसूतीचे, हृदयविकाराचे अर्ज टेबलावर असताना पुढच्या दातांसाठी पैसे कोठून आणावयाचे, असा माझा रोखठोक हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी दंतविभागाच्या प्रमुख तो अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाल्या, "साहेब, त्याला आत बोलवा आणि त्याचे पूर्ण नाव व पत्ता विचारा." मी विचारले. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न या वर्णांना दंत्य म्हणतात हे मी शाळेत शिकलो होतो. मराठीत तर चूल, जाते, झाड या शब्दांतील पहिले वर्णही दातांच्या आधाराने उमटतात. त्या मुलाला स्वतःचे नाव दुसऱ्यांदा सांगावे लागले आणि दुसऱ्यांदाही मला ते नीट कळले नाही. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही म्हणून तो डबा खाताना इतरांपासून दूर बसत असे. कामावर लोकांशी बोलावयाची वेळ येई तेथून त्याला काढून मागे माल उचलण्यास लावले होते आणि मजुरी त्या मानाने घटली होती. ज्याला मी सौंदर्य म्हणालो, ते त्याचे जेवण, त्याची वाणी आणि त्याची मिळकत होती. शेरा मी खोडला.

परंतु खरी अडचण पुढे होती आणि ती समजण्यासाठी जबड्याच्या हाडाचा स्वभाव थोडा जाणून घ्यावा लागेल.

दात ज्या खोबणीत उभा असतो, ते हाड दातासाठीच असते. दात चावतो, तो दाब मुळाभोवतीच्या तंतूंमधून हाडाला पोहोचतो आणि त्यामुळे हाड जिवंत व भरीव राहते. दात गेला की ते काम संपते आणि शरीर आपले बिनकामाचे हाड हळूहळू परत घेऊ लागते. आमच्या हिशेबाच्या भाषेत यंत्रसामग्रीवर जसा दर वर्षी घसारा धरावा लागतो, तसा हाडाचाही घसारा असतो. फरक इतकाच की यंत्राचा घसारा वर्षानुवर्षे विभागलेला असतो, आणि हाडाचा पहिल्याच वर्षी सर्वाधिक. दात निघाल्यानंतर पहिल्या बारा महिन्यांत त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातील मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडील बाजूचे हाड मुळातच पुष्कळदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. अपघातात दातासोबत तेच फुटते. आमचा तरुण दीड वर्षाने आला तेव्हा जबड्याची कड सुरीच्या पात्यासारखी उरली होती. कृत्रिम दाताचा स्क्रू बसवण्यास तेथे जागाच नव्हती.

अशा वेळी आधी हाडाचे कलम करावे लागते. कोकणातल्या माणसाला आंब्याचे कलम समजावून सांगावे लागत नाही. तत्त्व जवळपास तेच. जेथे हाड कमी आहे तेथे दुसरीकडील हाड घट्ट बसवावयाचे आणि खालच्या जिवंत हाडातून त्यात रक्तवाहिन्या शिरून ते आपलेसे होईपर्यंत वाट पाहावयाची. लहानशी उणीव असेल तर हनुवटीतून किंवा खालच्या शेवटच्या दाढेमागून हाड घेतात. जागा बधिर करून ते काम होते. उणीव मोठी असेल तर कमरेच्या हाडाच्या कडेतून तुकडा घ्यावा लागतो. त्यासाठी पूर्ण भूल व रुग्णालयात मुक्काम लागतो, आणि पुढे काही दिवस तोंडापेक्षा कंबरच अधिक दुखते, असे रुग्ण सांगतात.

स्वतःचे हाड न घेता बाहेरून आणलेले हाडही वापरता येते आणि येथे एक गोष्ट आप्तेष्टांना मुद्दाम सांगावयाची आहे. बाजारात मिळणारी हाडाची भुकटी पुष्कळदा गोवंशीय प्राण्यांच्या हाडापासून केलेली असते आणि कलमावर अंथरावयाचा पातळ पडदा पुष्कळदा डुकराच्या किंवा गायीच्या ऊतीपासून बनलेला असतो. प्रक्रियेनंतर हे पदार्थ वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित मानले जातात. परंतु रुग्णाच्या श्रद्धेचा प्रश्न सुरक्षिततेने सुटत नाही. म्हणून आपल्या मराठी संमतिपत्रकात त्यांचा उगम स्पष्ट लिहिलेला असतो व तो वाचून दाखवला जातो. नको असल्यास स्वतःचे हाड, किंवा कॅल्शियम फॉस्फेटपासून बनवलेले कृत्रिम द्रव्य, असे पर्याय आहेत. मानवी दात्यांकडून मिळालेले, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले हाड हाही एक मार्ग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून हे कार्य करीत आहे. नेत्रदान व रक्तदान आपण जाणतो. अस्थिदानही असते, याची नोंद उपस्थितांनी घ्यावी.

कलम रुजण्यास साधारणतः चार ते सहा महिने लागतात. त्यानंतर त्या हाडात टायटॅनियम धातूचा आटे पाडलेला लहानसा खुंट बसवतात. सर्वजण ज्याला इम्प्लांट म्हणतात, तो हाच. वर दिसतो तो दात नंतर येतो. हाड या धातूला परके मानीत नाही, त्याला चिकटून वाढते, हा शोध स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क या संशोधकाचा. १९५२ मध्ये सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक नळीवजा कुपी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढावयास गेले तो ती हाडाशी एकजीव झालेली. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या, जबड्याचा जन्मजात दोष असलेल्या गृहस्थाला पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये निवर्तले, तोवर चाळीस वर्षांहून अधिक काळ ते त्यांच्या उपयोगी पडले. इतर देशांतील दंतवैद्यकांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली ती १९८२ च्या टोरंटो येथील परिषदेनंतर, म्हणजे आणखी सतरा वर्षांनी. आज योग्य रुग्णात, योग्य रीतीने बसवलेल्या शंभर इम्प्लांटपैकी नव्वदांहून अधिक दहा वर्षांनंतरही टिकून असतात.

खुंट हाडाशी एकजीव होण्यास पुन्हा तीन ते सहा महिने द्यावे लागतात. त्यानंतर हिरडीला आकार देणे, माप घेणे, आणि अखेर दात बसवणे. म्हणजे कलमापासून दातापर्यंत नऊ महिने ते सव्वा वर्ष. शस्त्रक्रियांचा प्रत्यक्ष वेळ मोजला तर काही तासच भरतात; बाकी सारा काळ प्रतीक्षेचा आहे. त्या काळात रुग्णाला काही दुखत नाही, डॉक्टरांना काही करावयाचे नसते आणि हिशेबाच्या वहीत काहीच दिसत नाही.

आणि नेमक्या त्याच काळात आमचे गणित चुकले.

त्या तरुणाच्या कमरेतून हाड घेऊन कलम करण्यात आले. मी त्या वर्षीच्या तरतुदीत बसेल तेवढेच, म्हणजे केवळ कलमाचे पैसे मंजूर केले होते. पुढचे पुढे पाहू, असे लिहिले होते. पाच महिन्यांनी इम्प्लांटची वेळ आली तेव्हा मार्च अखेर होती. आर्थिक वर्ष संपले, मंजुरी संपली, आणि नियमानुसार नवा अर्ज, उत्पन्नाचा नवा दाखला व समितीची नवी बैठक आवश्यक ठरली. बैठक जुलैत झाली. मंजुरीचे पत्र टपालाने गेले. परंतु तोपर्यंत त्याने भाड्याची खोली बदलली होती. पत्र परत आले आणि धारिकेत लावले गेले. त्याने मात्र असे समजून घेतले की, एकदा मदत मिळाली, आता पुन्हा मागणे बरे दिसत नाही. दिवाळीनंतर तो आपल्या आत्याला भेटण्यासाठी रुग्णालयात आला असता दंतविभागातील परिचारिकेने त्याला ओळखले.

कलम होऊन तोवर वर्ष उलटून गेले होते. बसवलेल्या हाडालाही काम लागते. योग्य वेळी खुंट बसला नाही, दाब मिळाला नाही, तर कलमाचे हाडही विरघळू लागते. तपासणीत दिसले की कमरेतून काढून आणलेल्या हाडाचा बराच भाग गेला आहे. अखेर दोन इम्प्लांट बसवताना पुन्हा थोडे कलम करावे लागले, त्याचा खर्च पुन्हा झाला आणि प्रतीक्षा पुन्हा वाढली. आज त्या दोन खुंटांवर तीन दातांचा ब्रिज आहे, तो नीट जेवतो आणि कामावर पूर्वीच्या जागी परत गेला आहे. परंतु त्याचे जे हाड वाया गेले, ते आजाराने गेले नाही. ते आमच्या कागदांनी नेले. गंमत अशी की, ज्या वर्षी कलम झाले त्या वर्षीच्या अहवालात ते 'यशस्वी शस्त्रक्रिया' म्हणून मोजले गेले होते, आणि तो अहवाल मीच लिहिला होता.

त्यानंतर मी दंतविभागाच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. कलम झाले पण इम्प्लांट नाही, इम्प्लांट झाले पण वरचा दात नाही, अशी प्रकरणे निघाली. प्रत्येकाचे कारण निराळे होते. एकाचा येण्याजाण्याचा एसटीचा खर्च आणि बुडालेला रोज, एकीचे लग्न, एकाचे गावी परतणे. परंतु सर्वांत समान गोष्ट एक होती. आम्ही एका उपचाराचे तीन तुकडे करून तीन वेळा मदत मागावयास लावली होती. गरजू माणूस एकदा हात पसरतो. तिसऱ्यांदा पसरताना त्याचा जीव कचरतो.

माझी दुसरी चूक खरेदीतील आहे. दर वर्षी निविदा मागवून किमान दराची स्वीकारणे, हे मी माझे भूषण समजत असे. परिणामी लागोपाठच्या वर्षांत वेगवेगळ्या कंपन्यांचे इम्प्लांट आले. प्रत्येकाचे आटे, स्क्रू आणि ते फिरवण्याचे पेचकसही निराळे. काही वर्षांनी कोणा रुग्णाचा वरचा स्क्रू सैल झाला तर तोच भाग त्याच मापाचा हवा; आणि तो कोणत्या कंपनीचा, हे कागदावर नसेल तर डॉक्टरांना चाचपडत बसावे लागते. वर्षाची खरेदी मी स्वस्तात केली. परंतु रुग्ण तो खुंट तोंडात दशकानुदशके वागवणार आहे, हे निविदेच्या तक्त्यात कोठेच नव्हते. आता प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावरील चिठ्ठी केसपेपरवर चिकटवली जाते आणि तिची प्रत रुग्णाला दिली जाते. आप्तेष्टांना माझी विनंती आहे की, ही चिठ्ठी रेशनकार्डाइतकीच जपून ठेवावी.

या खर्चासाठी शासकीय अथवा कायदेशीर मार्ग नाहीत काय, असा प्रश्न काही विश्वस्तांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. ५ मे २०२५ पासून केंद्र शासनाने रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तीत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. जीव वाचवण्यासाठी ही योजना मोलाची आहे. परंतु दाताचा उपचार सात दिवसांत सुरूही होत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून भावी वैद्यकीय खर्चापोटीही भरपाई मिळू शकते. त्यासाठी उपचारांचे टप्पे व अंदाजित खर्च दाखवणारे प्रमाणपत्र लागते. ते यापुढे आपला दंतविभाग जबडा जोडला त्याच मुक्कामात देईल. मात्र दाव्याचा निकाल लागण्यास वेळ जातो आणि हाड निकालाची वाट पाहत नाही. धर्मादाय रुग्णालय म्हणून आपण एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकतो. परंतु त्यावर अत्यवस्थ रुग्णांचा पहिला हक्क आहे आणि तो तसाच राहावा, असे माझे मत आहे. म्हणून स्वतंत्र निधी.

आता ठरावाचे स्वरूप सांगतो. या निधीतून दिली जाणारी मंजुरी एकदाच आणि संपूर्ण उपचारासाठी असेल. कलम, इम्प्लांट, वरचा दात, पहिल्या वर्षाच्या तपासण्या आणि येण्याजाण्याचे भाडे, या सर्वांची रक्कम पहिल्याच दिवशी त्या रुग्णाच्या नावे बाजूला काढून ठेवली जाईल आणि ३१ मार्चचा तिला स्पर्श होणार नाही. प्रत्येक रुग्णामागे वैद्यकीय समाजसेवकांची जबाबदारी नेमलेली असेल. रुग्णाव्यतिरिक्त दोन नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक नोंदवले जातील आणि तारीख चुकल्यास आठवड्याच्या आत विचारणा होईल. इम्प्लांटची एकच प्रणाली किमान पाच वर्षे कायम ठेवण्यात येईल. आणि अहवालात यापुढे रुग्ण तेव्हाच मोजला जाईल, जेव्हा तो आपल्या दातांनी जेवू लागेल.

याची एक किंमत आहे, ती लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. जेवढ्या पैशांत पूर्वी आम्ही दहा जणांच्या उपचाराला सुरुवात करीत असू, तेवढ्यात आता चार-पाच जणांचाच उपचार होईल. उरलेल्यांना प्रारंभीच नाही म्हणावे लागेल, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगणे सोपे नाही. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला विचारले की, याच पैशांत शेकडो माणसांचे किडलेले दात बुजवता येणार नाहीत काय? येतील, आणि तो विभाग आपण चालू ठेवलेलाच आहे, त्यातील एकही रुपया इकडे वळवू नये असे ठरावातच म्हटले आहे. परंतु ज्याच्या कमरेचे हाड आपण एकदा काढून घेतले, त्याला अर्ध्या वाटेवर सोडण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. सुरुवात न करणे ही असमर्थता असेल. सुरुवात करून सोडणे हा अपराध आहे.

प्रत्येकाला इम्प्लांट हवेच असेही नाही. काढता-घालता येणारी कवळी कमी खर्चात मिळते. शेजारच्या दातांवर आधारलेला ब्रिज लवकर होतो, मात्र त्यासाठी शेजारचे दात घासावे लागतात. कोणाला काय योग्य, हे दंतवैद्यच ठरवतील. वाढत्या वयाच्या मुलांना इम्प्लांट बसवीत नाहीत. कारण जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर सरकतात, आणि खुंट मात्र जागीच राहून आत गेल्यासारखा दिसू लागतो. मुलींमध्ये साधारण सतरा-अठरा आणि मुलांमध्ये त्याहून थोडे अधिक वय होईपर्यंत तात्पुरत्या दातावर भागवावे लागते. विडी, सिगारेट, तंबाखू यांची सवय आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे कलम व इम्प्लांट दोन्ही धोक्यात येतात. मिश्री ही तंबाखूच आहे, हे आमच्या माता-भगिनींना पुन्हा सांगतो. सवय सोडण्याची तयारी नसेल तर निधीतून मंजुरी मिळणार नाही. ही अट कठोर वाटेल, परंतु ती डॉक्टरांची आहे आणि मी तिच्याशी सहमत आहे.

सर्वांत स्वस्त उपचार कोणता, असे विचाराल तर तो मात्र मी खात्रीने सांगू शकतो. पडलेला पक्का दात तेथल्या तेथे परत बसवणे. मुलगा खेळताना पडला, पक्का दात मुळासकट हातात आला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा वाहत्या थंड पाण्याने क्षणभर विसळावा. घासू नये, कागदात गुंडाळून खिशात टाकू नये. शक्य असल्यास लगेच त्याच खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल दातांखाली चावून धरावयास सांगावे. ते जमले नाही तर पेलाभर दुधात ठेवून तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. जितके लवकर तितके उत्तम. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. दुचाकी चालवताना हनुवटी झाकणारे हेल्मेट वापरावे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. यांतील प्रत्येक जखमी माणूस कोणत्या ना कोणत्या रुग्णालयातून 'बरा होऊन' घरी गेला असणार. त्यांतील किती जण अद्याप तोंडावर हात धरून बोलतात, याची नोंद कोठल्याच वहीत सापडणार नाही.

देणगीदार बंधुभगिनींनो, इमारतीला दिलेली देणगी कोनशिलेवर दिसते, यंत्राला दिलेली त्याच्या पाटीवर दिसते. दातावर नाव कोरता येत नाही, आणि हा निधी मुख्यतः वाट पाहण्यासाठी आहे. सहा महिने राखून ठेवलेली रक्कम, एसटीचे भाडे, एक दूरध्वनी, केसपेपरवर चिकटवलेली एक चिठ्ठी, यांसाठी मी आपल्यापुढे हात पसरत आहे. जमाखर्चाच्या दृष्टीने या अगदी किरकोळ बाबी आहेत. त्या नव्हत्या म्हणून काय झाले, ते मी आपणांस सांगितले.

ठराव आपल्या विचारार्थ सादर करतो.